शहराखालील बोगदे आणि भूपृष्ठाचे खचणे : अंदाजाची पद्धती, आधार आणि मर्यादा

गोषवारा : दाट वस्तीच्या शहरात भुयारी मार्ग खणताना वरची जमीन किती खचेल आणि तीवरील इमारतींना किती बाधा पोहोचेल, याचा अंदाज काम सुरू होण्यापूर्वीच द्यावा लागतो. हा अंदाज कसा काढला जातो, त्यातील कोणता भाग गणिताने मिळतो व कोणता अनुभवाने ठरवावा लागतो, आणि हा भेद रहिवाशांच्या दृष्टीने का महत्त्वाचा आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. लंडन येथील ज्युबिली मार्गाच्या विस्ताराचा अनुभव हा विवेचनाचा मुख्य आधार असून शेवटी मुंबईच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

१. प्रस्तावना

शहरांची वाढ जमिनीवर थोपली की वाहतुकीला जमिनीखाली वाट शोधावी लागते. मार्क ब्रुनेल याने लंडनच्या थेम्स नदीखालचा बोगदा १८२५ ते १८४३ या काळात पूर्ण केला, तेव्हा खणणाऱ्या मजुरांचे रक्षण हा मुख्य प्रश्न होता. वर नदी होती, घरे नव्हती. पुढे भुयारी रेल्वे शहरांच्या मध्यवस्तीखालून जाऊ लागल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलले. बोगदा सुरक्षित राहिला तरी त्याच्या वरच्या घराच्या भिंतीला तडा जाऊ शकतो आणि त्या घरात राहणाऱ्याने बोगद्याचा निर्णय घेतलेला नसतो.

त्यामुळे भूपृष्ठाच्या हालचालीचा अंदाज हा तांत्रिक विषय असला तरी त्याचे परिणाम सामाजिक आहेत. कोणती इमारत रिकामी करावयाची, कोणत्या इमारतीला टेकू द्यावयाचा, कोणाला नुकसानभरपाई मिळणार, हे निर्णय याच अंदाजावर उभे राहतात. म्हणून तो कशाच्या आधारावर उभा आहे, हे अभियांत्रिकीबाहेरील अभ्यासकांनीही जाणून घेणे आवश्यक ठरते.

२. जमीन का हलते ?

बोगदा खणताना जेवढी माती बाहेर काढली जाते, ती तयार बोगद्याच्या आकारमानापेक्षा नेहमीच थोडी अधिक असते. याची कारणे अनेक आहेत. खोदकामाच्या तोंडाशी असलेली माती आधार कमी पडल्यास आतल्या बाजूस सरकते. यंत्राचे कातणारे चाक यंत्राच्या अंगापेक्षा किंचित मोठे असते, त्यामुळे यंत्राभोवती फट राहते. यंत्र पुढे गेल्यावर मागे बसविलेले काँक्रीटचे अस्तर आणि माती यांमध्ये पोकळी उरते. ती सिमेंटयुक्त ग्राउटने लगेच भरली नाही तर माती तीत उतरते. शेवटी अस्तरावर भार आला की तेही काही अंशी दबते.

या सर्व कारणांनी जास्तीची जी माती बोगद्यात येते, तिचे बोगद्याच्या आकारमानाशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे ‘आकारमान-घट’ होय. जमिनीखाली झालेली ही घट वर पोहोचते आणि भूपृष्ठावर बोगद्याच्या दिशेने लांबच लांब, उथळ पन्हळ तयार होते. चिकणमातीत पाणी चटकन बाहेर पडू शकत नसल्याने तिचे एकूण आकारमान थोड्या काळात बदलत नाही. म्हणून खाली जेवढी घट झाली, जवळजवळ तेवढ्याच आकारमानाची पन्हळ वर उमटते. पुढील काळात मातीतील पाण्याचा दाब बदलत जातो आणि खचण्याची क्रिया मंद गतीने कित्येक वर्षे चालू राहू शकते. खोदकामाबरोबरचे तत्काळ खचणे आणि नंतरचे मंद खचणे यांतील फरक म्हणूनच लक्षात ठेवावा लागतो.

३. १९६९ मधील वक्र

या पन्हळीचा आडवा छेद घेतला तर तो कसा दिसतो, या प्रश्नाचे व्यवहारात रुळलेले उत्तर राल्फ पेक या अमेरिकन भूतंत्रज्ञाने १९६९ मध्ये दिले. मेक्सिको सिटी येथे भरलेल्या मृदायांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याने प्रत्यक्ष बोगद्यांवरील मोजमापे एकत्र मांडून असे दाखविले की, हा छेद संख्याशास्त्रातील प्रसामान्य वक्राशी चांगला जुळतो. शिक्षणशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या अध्यापकाला परिचित असलेला घंटाकृती वक्रच येथे उलटा ठेवलेला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. संख्याशास्त्रात या वक्रामागे संभाव्यतेचा सिद्धांत आहे. जमिनीच्या बाबतीत तसा सिद्धांत या वक्राच्या वापरामागे नाही. मोजमापांशी आकार जुळतो म्हणून तो स्वीकारला गेला. त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी या एका वस्तुस्थितीतून निघतात.

हा वक्र निश्चित करण्यास दोनच राशी लागतात. पहिली राशी म्हणजे पन्हळीची अर्धरुंदी : बोगद्याच्या मध्यरेषेपासून वक्राची वळण्याची दिशा जेथे बदलते त्या बिंदूपर्यंतचे अंतर. ओरायली आणि न्यू यांनी १९८२ मध्ये ब्रिटनमधील नोंदींवरून दाखविले की, ही अर्धरुंदी बोगद्याच्या खोलीच्या प्रमाणात वाढते. चिकणमातीत ती खोलीच्या साधारण निम्मी असते, तर वाळूत खोलीच्या पाव ते तृतीयांश इतकी. म्हणजेच वाळूतील पन्हळ अरुंद पण खोल असते, चिकणमातीतील रुंद पण उथळ. दुसरी राशी म्हणजे आकारमान-घट.

या दोन राशींचे स्वरूप वेगळे आहे. अर्धरुंदी मातीच्या जातीवर आणि खोलीवर अवलंबून असते; त्या दोन्ही गोष्टी आगाऊ तपासता येतात. आकारमान-घट मात्र मातीबरोबरच यंत्रावर, दाब राखण्याच्या शिस्तीवर, ग्राउट वेळेवर भरण्यावर आणि पाळीवरील कामगारांच्या कौशल्यावर अवलंबून असते. ती कोणत्याही सूत्रातून बाहेर पडत नाही. पूर्वीच्या कामांचा अनुभव पाहून ती अभियंत्याला गृहीत धरावी लागते.

४. एक संख्यात्मक उदाहरण

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून एक साधे उदाहरण घेऊ. चिकणमातीत ६ मीटर व्यासाचा बोगदा असून त्याचा मध्य भूपृष्ठापासून २० मीटर खोल आहे, असे मानू. बोगद्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस मीटर होते. आकारमान-घट १ टक्का धरली तर बोगद्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे ०.२८३ घनमीटर माती जास्त निघते. अर्धरुंदी खोलीच्या निम्मी, म्हणजे १० मीटर. प्रसामान्य वक्राच्या गुणधर्मानुसार पन्हळीच्या क्षेत्रफळाला अर्धरुंदीच्या अडीचपटीने भागले की सर्वाधिक खचणे मिळते : ०.२८३ भागिले २५, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटर. मध्यरेषेपासून १० मीटरवर ते सुमारे ७ मिलिमीटर, २० मीटरवर दीड मिलिमीटर आणि ३० मीटरवर नगण्य होते.

अकरा मिलिमीटर ही मोठी संख्या वाटत नाही. संपूर्ण इमारत एकसारखी ११ मिलिमीटर खाली गेली तर तिला काही होणारही नाही. हानी होते ती असमान खचण्याने. वरील उदाहरणात पन्हळीचा सर्वाधिक उतार सुमारे १ : १,४६० येतो. प्राथमिक चाळणी म्हणून १० मिलिमीटर खचणे आणि १ : ५०० उतार या मर्यादा रूढ आहेत, दोन्हींच्या आत असलेल्या इमारतींची सविस्तर तपासणी सामान्यतः केली जात नाही.

आता बाकी सर्व तसेच ठेवून फक्त आकारमान-घट बदलू. ती २ टक्के झाली तर सर्वाधिक खचणे सुमारे २३ मिलिमीटर आणि उतार १ : ७३० होतो. ती ३.३ टक्के झाली तर खचणे ३७ मिलिमीटर आणि उतार सुमारे १ : ४४० होतो. पहिल्या गृहीतकात खचण्याची मर्यादा जेमतेम ओलांडली जात होती आणि उतार पुष्कळ आत होता. शेवटच्या गृहीतकात दोन्ही मर्यादा निश्चितपणे ओलांडल्या गेल्या. गणित तेच आहे. आरंभी धरलेली एक संख्या तेवढी बदलली.

५. खचण्यापासून तड्यापर्यंत

जमिनीचे खचणे इमारतीच्या हानीत कसे रूपांतरित होते, हा अंदाजाचा दुसरा टप्पा होय. भिंतीला तडा जातो तो ती ताणली गेल्यामुळे. भिंतीची मूळ लांबी आणि तीत ताणामुळे झालेली वाढ यांचे प्रमाण म्हणजे तन्य विकृती. पन्हळीच्या कडेजवळची जमीन खचत असतानाच बोगद्याच्या दिशेने आडवीही सरकते. त्यामुळे तेथे उभ्या असलेल्या भिंतीत वाकण्याची विकृती आणि आडव्या ताणाची विकृती या दोहोंची भर पडते.

बर्लंड आणि रॉथ यांनी १९७४ मध्ये भिंतीला एक साधी तुळई मानून तन्य विकृतीचा तड्यांशी संबंध जोडला. बॉस्कार्डिन आणि कॉर्डिंग यांनी १९८९ मध्ये आडव्या ताणाचा त्यात समावेश केला. त्यातून तयार झालेल्या वर्गीकरणानुसार ०.०५ टक्क्यापर्यंतच्या विकृतीने होणारी हानी नगण्य, ०.०५ ते ०.०७५ पर्यंत अत्यल्प, ०.०७५ ते ०.१५ पर्यंत अल्प, ०.१५ ते ०.३ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे गंभीर समजली जाते. हे वर्ग मुख्यतः दुरुस्तीच्या सुलभतेवरून ठरविले आहेत. पहिल्या तीन वर्गांत रंगरंगोटी किंवा किरकोळ गिलावा पुरतो. चौथ्या वर्गात दारे-खिडक्या अडकू लागतात आणि भिंतीचा काही भाग नव्याने बांधावा लागू शकतो.

मागील उदाहरणात केवळ आडव्या ताणाची सर्वाधिक विकृती काढली तर १ टक्का घटीसाठी ती सुमारे ०.०२५ टक्का, २ टक्क्यांसाठी ०.०५ टक्का आणि ३.३ टक्क्यांसाठी ०.०८ टक्का येते. म्हणजे त्याच घराची नोंद पहिल्या गृहीतकात ‘नगण्य’ या वर्गात होते आणि शेवटच्या गृहीतकात ‘अल्प’ या वर्गात.

ही रीत सावधपणाची आहे, हेही नमूद केले पाहिजे. मोकळ्या मैदानातील जमीन जशी वाकते तशीच इमारत वाकेल, असे तीत मानलेले असते. प्रत्यक्षात इमारतीच्या अंगच्या ताठरपणामुळे पन्हळ काहीशी सपाट होते. पॉट्स आणि अॅडनब्रुक यांनी १९९७ मध्ये संगणकीय विश्लेषणाने हा परिणाम मोजण्याची पद्धत दिली. तथापि ज्या भिंतीला आधीच तडे आहेत, तिला हा ताठरपणा कितपत आहे हा प्रश्न उरतोच. नवी विकृती अशा भिंतीत पसरत नाही, तर जुन्याच तड्यात एकवटते.

६. लंडनचा अनुभव

लंडनच्या ज्युबिली मार्गाचा विस्तार १९९३ मध्ये सुरू होऊन १९९९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. हा मार्ग वेस्टमिन्स्टर येथे संसदभवनाच्या घड्याळ-मनोऱ्याजवळून जातो. ‘बिग बेन’ या नावाने सर्वपरिचित असलेला हा ९६ मीटर उंचीचा मनोरा आणि जवळच खणावयाचे सुमारे ४० मीटर खोलीचे स्थानक यांमुळे मनोरा कलण्याची शक्यता आधीच ओळखली गेली होती. इंपीरियल कॉलेजमधील प्राध्यापक जॉन बर्लंड या कामाशी सल्लागार म्हणून निगडित होते. मनोऱ्याच्या पायाखाली आडव्या नळ्या आगाऊ बसविण्यात आल्या. मनोऱ्याचा कल सतत मोजला जाई आणि तो ठरावीक पल्ल्याबाहेर जाऊ लागला की त्या नळ्यांतून ग्राउट दाबून पायाखालची माती उचलून धरली जाई. येथे अंदाजाने धोका कोठे आहे हे सांगितले, परंतु मनोरा राखला तो मोजमापाने आणि त्यानुसार आधीच ठरवून ठेवलेल्या कृतीने.

त्याच मार्गावर थोड्या अंतरावर, सेंट जेम्स पार्क या मोकळ्या उद्यानात, इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी बोगदे येण्यापूर्वीच जमिनीत मोजमापाची साधने पुरून ठेवली होती. आराखड्यात आकारमान-घट २ टक्क्यांच्या आत अपेक्षित होती. पश्चिमेकडे जाणाऱ्या बोगद्यावर प्रत्यक्षात ती सुमारे ३.३ टक्के आढळली. लंडनच्या चिकणमातीत एका शतकाहून अधिक काळ बोगदे खणले जात होते. जगात या मातीइतका अभ्यास फार थोड्या मातींचा झाला असेल. तरीही ही तफावत पडली. स्टँडिंग आणि बर्लंड यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात त्या भागातील चिकणमातीची स्थानिक घडण आणि शील्डच्या पुढे आधाराविना खणलेली लांबी यांकडे निर्देश केला आहे.

या अनुभवातील महत्त्वाची बाब अशी की, पन्हळीचा आकार तेथेही घंटाकृतीच होता. वक्र चुकला नव्हता. त्यात घातलेली संख्या अपुरी होती. आणि ती अपुरी आहे हे कळले, कारण तेथे मोजण्याची व्यवस्था होती.

७. जेथे वक्र लागू होत नाही

जमीन हळूहळू विरूप होत आहे, हे या संपूर्ण पद्धतीचे मूलभूत गृहीतक आहे. ते मोडले की अंदाजाचा आधारच नाहीसा होतो.

ऑक्टोबर १९९४ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाखाली फवारलेल्या काँक्रीटचे अस्तर वापरून खणले जाणारे बोगदे कोसळले. जीवितहानी झाली नाही, परंतु वरच्या बाजूस मोठे भगदाड पडले. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षितता कार्यकारिणीने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तळाच्या अस्तराचे सदोष काम आणि व्यवस्थापनातील त्रुटी यांवर बोट ठेवले. मोजमापांतून मिळालेल्या इशाऱ्यांवर वेळीच कृती झाली नाही, हा त्यातील बोध बोगद्यांच्या क्षेत्राबाहेरही लागू पडणारा आहे.

भारतातील उदाहरण कोलकात्याचे आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी पूर्व-पश्चिम मेट्रोचा बोगदा बहूबाजार भागातील जुन्या वस्तीखालून जात असताना यंत्राची गाठ पाणी धरून ठेवणाऱ्या वालुकामय थराशी पडली. पाण्याबरोबर माती बोगद्यात वाहत आली, वरची जमीन खचली, काही इमारती कोसळल्या आणि शेकडो रहिवाशांना घरे सोडावी लागली. २०२२ मध्ये त्याच परिसरात पुन्हा पाणी झिरपून घरांना तडे गेले. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये हा मार्ग सलग सुरू झाला. वाहती वाळू ही टक्केवारीत मांडता येणारी आकारमान-घट नव्हे. अशा ठिकाणी खचण्याच्या अंदाजापेक्षा भूजलाची माहिती आणि खोदकामाच्या तोंडाशी राखलेला दाब अधिक निर्णायक असतात.

ज्या वर्षी पेकने आपला वक्र मांडला, त्याच १९६९ मध्ये त्याने लंडन येथे दिलेल्या रँकिन व्याख्यानात ‘निरीक्षण पद्धती’चे विवेचन केले, हे येथे लक्षणीय आहे. सर्वाधिक संभवनीय स्थिती धरून आराखडा करावा, प्रतिकूल स्थितीत काय करावयाचे हे आधीच ठरवावे आणि मोजमापानुसार आराखडा बदलावा, असे तिचे सार आहे. तिची मर्यादाही पेकने सांगितली : अनिष्ट घडू लागल्यावर उपाय करण्यास अवसर नसेल तर ही पद्धती वापरू नये. वक्र आणि निरीक्षण ही एकाच विचाराची दोन अंगे आहेत. व्यवहारात अनेकदा पहिले अंग अहवालात येते आणि दुसरे अंदाजपत्रकातील कपातीला बळी पडते.

८. मुंबईच्या संदर्भात

कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटर लांबीची मेट्रो मार्गिका ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण स्वरूपात सुरू झाली. गिरगाव, काळबादेवी यांसारख्या जुन्या वस्त्यांखालून ती जाते. मुंबईचे भूस्तर लंडनहून सर्वस्वी वेगळे आहेत. खाली बेसॉल्ट, ज्वालामुखीय ब्रेशिया आणि टफ हे खडक, तर वर ठिकठिकाणी भराव आणि खाडीची चिकणमाती आहे. घट्ट खडकातून जाणाऱ्या बोगद्यामुळे होणारी आकारमान-घट अत्यल्प असते. मात्र खडकातील भेगांतून पाणी बोगद्यात झिरपत राहिले तर वरच्या मातीतील भूजलाची पातळी उतरते आणि भराव व खाडीची माती दबते. असे खचणे घंटाकृती पन्हळीच्या बाहेर, बोगद्यापासून दूरच्या इमारतींपर्यंतही पोहोचू शकते. म्हणून चिकणमातीसाठी तयार झालेले गुणांक येथे जसेच्या तसे लावणे सयुक्तिक नाही.

दुसरा प्रश्न इमारतींचा आहे. तन्य विकृतीचे वर्ग सुस्थितीतील भिंती डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहेत. दक्षिण मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींपैकी ‘अ’ वर्गातील इमारती सप्टेंबर १९४० पूर्वीच्या आहेत. लाकडी सांगाडा, विटा आणि चुना यांच्या या बांधणीत ओल, वाळवी आणि दुरुस्तीची हेळसांड यांचा इतिहास साठलेला असतो. अशा चाळीसाठी ‘नगण्य’ या शब्दाचा अर्थ वेगळा ठरू शकतो. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खोलीतील तड्यांची छायाचित्रांसह नोंद करणे आणि तिची प्रत रहिवाशांना देणे, ही बाब येथे औपचारिकतेच्या पलीकडे जाते. पुढे तडा जुना की नवा असा वाद उपस्थित झाल्यास रहिवाशाच्या हाती तोच पुरावा असतो.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात.

(१) भूपृष्ठाच्या पन्हळीचा आकार बऱ्याच विश्वासाने सांगता येतो. तिची खोली मात्र आकारमान-घटीच्या गृहीत मूल्यावर अवलंबून असते आणि ते मूल्य कामाच्या गुणवत्तेशी बांधलेले असते.

(२) म्हणून कोणत्याही अंदाजासोबत धरलेली आकारमान-घट आणि ती वाढल्यास किती इमारतींचा वर्ग बदलतो, हे जाहीर होणे आवश्यक आहे.

(३) मोजमापाची व्यवस्था, इशाऱ्याच्या पातळ्या आणि प्रत्येक पातळीवरील कृती हे अंदाजाचेच भाग मानले पाहिजेत. कृतीविना मोजमाप निरुपयोगी ठरते, हे हीथ्रोने दाखविले आहे.

(४) पाणी व वाळू यांच्या थरांत आणि जीर्ण इमारतींच्या वस्तीत रूढ सूत्रांची व्याप्ती संपते. तेथे स्वतंत्र भूस्तर-तपासणी आणि इमारतींची पूर्वपाहणी यांना पर्याय नाही.

बंदिस्त तोंडाच्या आधुनिक यंत्रांमुळे आज १ टक्क्याहूनही कमी आकारमान-घट साध्य होते, ही प्रगती निश्चितच मोठी आहे. परंतु ती संख्या यंत्राबरोबर विकत मिळत नाही. प्रत्येक पाळीत ती नव्याने राखावी लागते. पर्यावरणीय व सामाजिक परिणामांच्या अहवालांत ‘हानी नगण्य’ असा शेरा आढळला, तर तो कोणत्या आकारमान-घटीवर आधारलेला आहे आणि ती प्रत्यक्षात मोजणार कोण, हे दोन प्रश्न विचारण्यास अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. ते विचारले जाणे हे बोगद्यावरील घरांत राहणाऱ्यांच्या हिताचे आहे.